चित्रालेख : मोजणी, मांडणी व वाचन

झाशी शहराच्या तटाबाहेर, लक्ष्मी दरवाजाच्या बाजूस, लक्ष्मी ताल नावाचे जुने तळे आहे. त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर असून ते नेवाळकर घराण्याचे देवस्थान होय. जवळच राजे गंगाधरराव यांची छत्री आहे. १८५३ साली त्यांचे निधन झाल्यानंतर राणी लक्ष्मीबाईंनी ती उभारविली. मराठी वाचकास हे स्थळ इतिहासामुळे ओळखीचे आहे. तळ्याची आजची कथा मात्र निराळी आहे. शहराचे सांडपाणी व जलपर्णीचा फैलाव यांनी तळ्याची पुष्कळ हानी केली आणि ते स्वच्छ करण्याचे प्रयत्नही झाले. तळे सुधारत आहे की बिघडत आहे, हा प्रश्न वरवर पाहता मोठ्या माणसांचा वाटतो. परंतु त्याच्या एका लहानशा भागाचा शोध तिसरी-चौथीतील मुलांनाही घेता येतो. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे चित्रालेख.

मोजणी

चित्रालेखाचा आरंभ चित्रापासून होत नाही, मोजणीपासून होतो. १९८७ सालापासून आशियातील अनेक देशांत दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना केली जाते. तिची लहान प्रतिकृती एखाद्या वर्गास सहज करता येईल. शिक्षकांसमवेत काठावरील एका सुरक्षित जागी उभे राहून मुलांच्या प्रत्येक जोडीने एकाच जातीचे पक्षी मोजावेत. एकाने पाहावे व दुसऱ्याने ताळ्याच्या खुणा कराव्यात : चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी तिरपी. तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून दृष्टी तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदाच न्यावी.

उदाहरणासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, काळ्या अंगाचे व पांढऱ्या कपाळाचे वारकरी ४०, गायबगळे २५, पाणकावळे १५ आणि खंड्या ३ दिसले.

मांडणी

प्रथम वर्गाच्या जमिनीवर एका पक्ष्यासाठी एक चिंचोका, याप्रमाणे ओळी मांडाव्यात. वारकऱ्यांची ओळ लांबच लांब होते आणि जागा अपुरी पडू लागते. प्रमाणाची आवश्यकता मुलांना येथे आपोआप पटते. मग चौकटीच्या वहीत ‘प्रमाण : १ चित्र = ५ पक्षी’ असे लिहून प्रत्येक चौकटीत एकेक चित्र काढावे. वारकऱ्यांची ८, गायबगळ्यांची ५ व पाणकावळ्यांची ३ चित्रे होतील. सर्व ओळी डावीकडील एकाच उभ्या रेघेपासून सुरू झाल्या पाहिजेत.

या ठिकाणी मुले हटकून एक चूक करतात. बगळा मोठा म्हणून त्याचे चित्र मोठे काढतात, किंवा संख्या दुप्पट झाली म्हणून एकच चित्र दुप्पट उंचीचे करतात. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते व चित्राने व्यापलेली जागा चौपट होते; साहजिकच डोळ्यास दुपटीऐवजी चौपट वाढ दिसते. हा धोका ओळखून ओटो नॉयरथ या विचारवंताने १९२५ साली व्हिएन्ना येथे स्थापिलेल्या संग्रहालयात एक नियम पाळला : संख्या वाढली तर चित्रे वाढवावीत, चित्राचा आकार वाढवू नये. पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या चित्रपद्धतीचा हा पाया होय.

तीन खंड्यांचे काय करावे? एक पूर्ण चित्र काढले तर पाच पक्षी वाचले जातील. काहीच न काढले तर खंड्या तळ्यावर नव्हताच, असा अर्थ होईल. अशा वेळी चित्राचा अंश काढून प्रत्येक ओळीच्या शेवटी खरी संख्या लिहावी. प्रमाण जितके मोठे घ्यावे तितकी चित्रे आटोपशीर होतात, परंतु थोड्या संख्येने असलेले पक्षी दृष्टीआड होऊ लागतात. प्रमाण निवडताना या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

वाचन

चित्रालेख वाचताना प्रथम प्रमाण वाचावे, मग चित्रे मोजावीत. ‘वारकरी किती?’ हा प्रश्न सोपा आहे. ‘गायबगळ्यांपेक्षा वारकरी कितीने अधिक?’ या प्रश्नास पुष्कळ मुले ‘तीन’ असे उत्तर देतात. चित्रांतील अंतर तीन असले तरी पक्ष्यांतील अंतर पंधरा आहे, हे त्यांस उमगले पाहिजे.

खरी कसोटी दोन वर्षांचे आलेख शेजारी ठेवल्यावर लागते. समजा, पुढील जानेवारीत ६० वारकरी दिसले आणि त्या आलेखात एक चित्र दहा पक्ष्यांचे मानले, तर चित्रे सहाच होतील. पक्षी वीसने वाढले असताना, प्रमाणाकडे न पाहणारा मनुष्य ते घटले असे समजेल. त्यावरून तळ्याविषयी केलेले त्याचे अनुमान सर्वस्वी चुकीचे ठरेल. म्हणून तुलना करावयाची असल्यास प्रमाण, जागा, वेळ व ऋतू ही सर्व एकच असावीत.

चित्रालेख काय सांगू शकत नाही, हेही मुलांस समजावे. ही एका सकाळची मोजणी आहे. वारकऱ्यांची संख्या हिवाळ्यात बाहेरून आलेल्या पाहुण्यांमुळे वाढते. ते जून महिन्यात कमी दिसले म्हणून तळे बिघडले, असे ठरत नाही. वारकऱ्यास पोहण्यास मोकळे पाणी लागते, तर लांब बोटांचा कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालतो. त्यामुळे एक जात घटून दुसरी वाढली, तर जलपर्णीने पाण्याचा किती भाग व्यापला आहे, हे पाहण्याची सूचना आलेखातून मिळते. मात्र कारण आलेखात लिहिलेले नसते. ते शोधण्यासाठी पुन्हा तळ्याकडेच जावे लागते.

वर्गाच्या भिंतीवर दर जानेवारीचा एक तक्ता एकाच प्रमाणाने लावीत गेल्यास, चार-पाच वर्षांनी तेथे येणाऱ्या नव्या मुलांस तळ्याचा एक विश्वसनीय वृत्तांत वाचावयास मिळेल. त्यातील प्रत्येक चित्रामागे कोणीतरी खरोखर मोजलेले पाच पक्षी असतील.