चिप गाडीला बसवा, माणसाच्या मनगटाला नको

सकाळी गाणे वाजवत घंटागाडी येते. मुख्य रस्त्यावर ती रोज दिसते. वस्तीच्या शेवटच्या गल्लीत मात्र ती कधी येते, कधी येत नाही. विचारले तर कार्यालयातून उत्तर मिळते, "गाडी रोज जाते." वस्तीतल्या बाया म्हणतात, "चार दिवस झाले, आली नाही." दोघांकडेही पुरावा नसतो. नगर परिषदेच्या कोणत्याही गावात हा वाद ओळखीचा आहे. घाटंजीच्या तरुणांनाही तो नवा वाटणार नाही.

आता या वादात एक नवे यंत्र आले आहे, आरएफआयडी चिप. शहरे कचऱ्याचे डबे, ढकलगाड्या आणि घंटागाड्या यांना ती बसवू लागली आहेत. हे तंत्र काय आहे आणि ते कोणाच्या बाजूने उभे राहू शकते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे असे आम्हाला वाटते.

चिप काम कशी करते?

टोल नाक्यावरचा फास्टॅग आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आरएफआयडीच आहे. काचेवरच्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचे वाचक यंत्र रेडिओ लहरी सोडते, त्या लहरींच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. यंत्र तो क्रमांक वेळेसह नोंदवते.

कचऱ्याच्या कामात हेच दोन तऱ्हेने होते. पहिल्या पद्धतीत चिप डब्यावर किंवा घराच्या भिंतीवर असते आणि वाचक यंत्र गाडीवर किंवा कामगाराच्या हातात असते. दुसऱ्या पद्धतीत चिप गाडीवर असते आणि यंत्र डेपोच्या फाटकावर, वजनकाट्याजवळ बसवलेले असते. गाडी काट्यावर चढली की तिचा क्रमांक, वेळ आणि वजन यांची नोंद आपोआप होते. ठेकेदाराचे बिल खेपांवर किंवा टनांवर निघते, तेव्हा न झालेली खेप कागदावर दाखवणे अशा नोंदीमुळे अवघड होते.

जीपीएस वेगळे. गाडी आत्ता कुठे आहे हे जीपीएस सांगते. चिप फक्त एवढेच सांगते की अमुक वस्तू अमुक वेळी वाचक यंत्राजवळ होती. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत घरांवर लावलेल्या क्यूआर कोडच्या पाट्या हा याच कामाचा स्वस्त प्रकार आहे. तिथे कामगाराला मोबाईलने प्रत्येक पाटी स्कॅन करावी लागते.

जगात हे जुने झाले आहे. जर्मनीतल्या अनेक शहरांत घरोघरच्या कचरापेट्यांवर चिप असते आणि पेटी किती वेळा रिकामी झाली त्यावर शुल्क ठरते. दक्षिण कोरियात उरलेल्या अन्नाचा कचरा टाकताना पेटी घर ओळखते, वजन करते आणि तेवढेच पैसे लावते.

चिपला काय कळत नाही?

डबा खरोखर रिकामा झाला का, हे चिपला कळत नाही. ओला आणि सुका कचरा घरी वेगळा केला, पण गाडीत एकत्र टाकला, तर तेही तिला दिसत नाही. वजन वाढवण्यासाठी कचऱ्यात माती मिसळली तर काटा ती मातीही कचरा म्हणूनच मोजतो. क्यूआर कोडचा फोटो काढून घरबसल्या स्कॅन करणेही शक्य आहे. लोखंडी डब्यावर साधी चिप नीट वाचली जात नाही, त्यासाठी वेगळ्या बनावटीची चिप लागते. म्हणून नोंद आहे म्हणजे काम झाले, असे समजू नये. नोंद हा पुराव्याचा एक भाग आहे. दुसरा भाग वस्तीतल्या माणसांची साक्ष आहे.

खरा प्रश्न: चिप कोणावर?

आपल्या शेजारच्या नागपुरात महापालिकेने हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंदीगड आणि पंचकुला इथेही तसेच झाले. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, हे सगळे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. घड्याळ बिघडले तर पगार कापला जाईल, ते आपले बोलणेही ऐकत असेल, ही भीती कामगारांनी बोलून दाखवली आणि संघटना रस्त्यावर उतरल्या.

गाई-बैलांच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो, तो त्यांना विचारून मारत नाहीत. माणसाचे तसे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. हातात झाडू असला म्हणून तो अधिकार कमी होत नाही. सफाईच्या कामात आजही मोठ्या संख्येने आपलेच समाजबांधव आहेत. साहेबांच्या मनगटावर असे घड्याळ का नाही, हा प्रश्न विचारायला हवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात राजगृहातल्या सुनीत या सफाई करणाऱ्या माणसाची कथा बाबासाहेबांनी मुद्दाम घेतली आहे. बुद्धांनी त्याला पाळत ठेवायचा माणूस मानले नाही, संघात बरोबरीची जागा दिली.

तरीही आम्ही यंत्राला विरोध करत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. तास मोजले गेले म्हणून जादा काम सिद्ध करता आले. मोजणी कामगाराच्याही बाजूने उभी राहू शकते. गाडी पहाटे ५ ला निघाली आणि दुपारी ३ ला परतली, ही फाटकावरची नोंद कामगाराच्या हातात असेल, तर जादा तासांची मजुरी मागायला तोच कागद पुरेसा होईल. ती फक्त ठेकेदाराच्या हातात राहिली, तर तिच्यातून दंडच निघेल.

आपण काय करू शकतो?

माहिती अधिकार कायदा २००५ आपल्या हातात आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. नगर परिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे हे मागता येईल: आपल्या प्रभागात मागील तीन महिन्यांत गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता आली, वजनकाट्याच्या नोंदी, ठेकेदाराला दिलेली बिले. माहिती संगणकात असेल तर ती तशाच स्वरूपात मागण्याचाही हक्क आहे.

अर्ज करण्याआधी एक साधे काम करा. बुद्ध विहारात एक वही ठेवा. गाडी आली की तारीख आणि वेळ लिहा, आली नाही तर तेही लिहा. ३० दिवसांची ही वही सरकारी नोंदीशेजारी ठेवा. फरक दिसला तर तोच तुमचा पुरावा.

कामगारांशीही बोला. हातमोजे, बूट, मास्क आणि गणवेश देणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले होते. गाडीला चिप बसवायला पैसे आहेत, तर हातमोज्यांना का नाहीत, असे त्यांच्या वतीने नव्हे, त्यांच्या सोबत उभे राहून विचारा. गल्लीत गाडी आली नाही म्हणून गाडीवरच्या भावाशी भांडू नका. कोणत्या गल्लीत जायचे हे बहुतेक वेळा तो ठरवत नाही.

नगर परिषदेत असा ठराव आला, तर आपली मागणी स्पष्ट असू द्या. चिप गाडीला, डब्याला आणि काट्याला बसवा. कामगाराच्या अंगावर काही बांधू नका. आणि नोंदीचा फलक दर महिन्याला नगर परिषदेच्या दारात लावा, म्हणजे शेवटच्या गल्लीतली बाईही तो वाचू शकेल.

जय भीम!