लेकरू समितीपुढे गेले तर

पुलगावहून आर्वीकडे जाताना रोहणा लागते. या गावातला अकरा वर्षांचा एक मुलगा घरी मार बसला म्हणून रागाने निघाला, आणि रात्री पुलगाव स्टेशनच्या फलाटावर एकटाच बसलेला रेल्वे पोलिसांना सापडला, असे समजा. पोलीस त्याला घरी आणून सोडतील, असे आपल्याला वाटते. पण कायदा तसे सांगत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे उभे करावे लागते. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाकडे निरोप येतो, की मुलगा समितीच्या ताब्यात आहे, आई-बापांनी वर्ध्यास हजर व्हावे.

आता घरात काय होते ते पाहा. बाप चिडतो. ‘माह्या पोराले म्या मारलं, त्यात सरकारचं काय गेलं?’ आई रडते. तिला वाटते, आपण गेलो तर आपल्यालाच धरून ठेवतील. शेजारचा शहाणा सांगतो, चार दिवस थांबा, पोरगा आपोआप येईल. राग असो, भीती असो की शहाणपणा असो, तिघांचा परिणाम एकच होतो. ठरल्या दिवशी समितीपुढे कोणीच जात नाही. अशा प्रकरणांत आई-बापांची बाजू सर्वांत जास्त बिघडते ती येथेच. मुलाचे कोणी विचारायलाच आले नाही, तर समितीने काय समजावे? शोध घेऊनही आई-बाप मिळाले नाहीत, तर त्या मुलाला ‘टाकून दिलेले मूल’ ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत त्याला दत्तक देण्यास मोकळे जाहीर करता येते. म्हणून जावे. आणि जाताना एकटे जाऊ नये.

ही समिती म्हणजे गावकीच्या तंट्याची पंचायत नव्हे. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सभासद असतात, त्यांत निदान एक स्त्री असते, आणि समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला घरी द्यायचे, देखरेखीखाली घरी द्यायचे, बालगृहात ठेवायचे, नातेवाइकाकडे द्यायचे, हे ती ठरवते. स्टेशनवर सापडलेले मूलच काय, भीक मागताना सापडलेले, कायद्याविरुद्ध कामाला लावलेले, ज्याच्या आई-बापांना समितीने सांभाळायला अपात्र ठरवले असे, किंवा वय भरण्याआधी जिचे लग्न ठरते आहे अशी मुलगी, ही सर्व समितीपुढे येऊ शकतात. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेचे बाक रिकामे पडतात आणि उन्हाळ्यात लग्नाचे मांडव पडतात, तेव्हा हा विषय आपल्या गावाचा नाही, असे कोणी समजू नये.

तरी एक गोष्ट मनात पक्की धरावी. हा कायदा मूल आई-बापांपासून तोडण्यासाठी केलेला नाही. त्याच्या सुरुवातीलाच जी तत्त्वे घातली आहेत, त्यांत मुलाची पहिली जबाबदारी घरच्यांची, आणि संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय, असे स्पष्ट म्हटले आहे. गरिबीविषयी तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, त्यांत केवळ दारिद्र्याच्या कारणावरून मूल घरापासून काढू नये, असे आहे. नाइलाजाने ज्याला मूल सोडावे लागले अशा आई-बापाला शिक्षा लावू नये, अशीही सोय आपल्या कायद्यात आहे. पण ही तत्त्वे समितीच्या खोलीत आपोआप बोलत नाहीत. ती कोणीतरी मांडावी लागतात. मांडणारा माणूस म्हणजे वकील.

येथे लोक थांबतात. वकील म्हटला की फी आली, आणि फी म्हटली की सावकार आला. मंडळी, हा समज काढून टाकला पाहिजे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम घातले गेले, आणि पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या होसकोट खटल्यात न्यायालयाने सांगितले, की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने द्यावा. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने हाच धागा पुढे नेला, अटक झालेल्याची खबर कायदेविषयक मदत समितीला ताबडतोब द्यावी असे पोलिसांना बजावले. हे सर्व कैद्यांविषयी होते हे खरे. परंतु १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, त्याने ही मदत तुरुंगाबाहेरच्या माणसालाही दिली. त्या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दाचा अर्थ इतका रुंद केला आहे, की कायद्याने नेमलेली आणि न्यायनिवाड्यासारखे काम करणारी कोणतीही समिती त्यात येते. बाल कल्याण समितीही येते.

मदत कोणाला मिळते? पुरुषाच्या बाबतीत महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांच्या आत उत्पन्न असावे लागते. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, अपंगाला नाही, आणि लक्षात ठेवा, कोणत्याही स्त्रीला नाही. बालकालाही नाही. मग ती स्त्री पन्नास एकरांची मालकीण असो की रोजंदारीने जाणारी असो. म्हणून माझे सांगणे असे, की अशा प्रकरणात अर्ज आईच्या नावाने करावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे आणि तहसिलीत हेलपाटे घालण्यात चार दिवस जातात, आणि येथे चार दिवसांची किंमत फार असते. आई नसेल तर आजीने करावा. तीही स्त्रीच आहे.

अर्ज कुठे द्यायचा? रोहण्याच्या माणसाला जवळ म्हणजे आर्वीचे न्यायालय. तेथे तालुका विधी सेवा समिती आहे. वर्ध्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि त्याचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथील माणूस लिहून घेतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट कळते. नेमलेल्या वकिलाची फी, कोर्टाची फी, नकलांचा खर्च, कागद तयार करण्याचा खर्च, यांतले काहीही पक्षकाराने द्यायचे नसते. वकिलाने वरून पैसे मागितले, तर गप्प बसू नये आणि त्याच्याशी भांडूही नये. सरळ सचिवांना लेखी कळवावे.

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. समिती चौकशी सुरू करते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, घर पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो, शाळेत जातो. हा अहवाल पंधरा दिवसांत व्हावा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने शेवटचा आदेश द्यावा, असे कायदा म्हणतो. घर पाहायला माणूस येणार म्हटल्यावर काही लोक शेजाऱ्याची भांडी आणून मांडतात, नवी चादर अंथरतात. त्याची काही गरज नाही. घर मातीचे आहे म्हणून कोणी मूल घेऊन जात नाही. खरे सांगावे. मारले असेल तर मारले म्हणावे, आणि का मारले, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हेही सांगावे. दारूचा त्रास असेल तर तो लपवून लपत नाही, कारण शेजाऱ्यांकडून तो कळतोच. खोटे उघडे पडले की खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

आणि गरिबीच आड येत असेल, तर ती समितीपुढे मोकळेपणी मांडावी. कारण त्यावर बालगृहाखेरीज दुसरा उपाय आहे. मूल घरी किंवा नातेवाइकाकडे राहावे म्हणून पैसे देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात आहे. तिला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे आणि २०२३ पासून तिची रक्कम मुलामागे महिना २२५० रुपये आहे. विधवा आईला, किंवा बाप दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या घराला, वकिलाने हीच गोष्ट समितीपुढे मांडून दिली तर मूल घरी राहू शकते.

सही आणि अंगठा यांविषयी दोन शब्द जास्त सांगतो. चौकशीत आपले म्हणणे लिहून घेतात आणि खाली सही घेतात. ते मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये. ‘मला वाचून दाखवा’ असे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. सर्वांत जपायचा कागद मूल समर्पणाचा. एखादी अविवाहित किंवा नवऱ्याने टाकलेली बाई मूल सांभाळणे अशक्य म्हणून समितीपुढे सोडून देते. कायद्याने तिला आधी समजावून सांगावे लागते आणि सहीनंतर फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात. या दोन महिन्यांत ती मूल परत मागू शकते. ते गेले की दार बंद होते. ही गोष्ट तिला कोणी सांगितलीच नाही, असे होऊ नये.

पोलिसांचा गुन्हा आणि समितीची चौकशी, या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेही ध्यानात असू द्या. गुन्हा नोंदला गेला नाही किंवा मिटला, म्हणजे मूल परत आले असे नाही. परदेशातले उदाहरण घ्या. बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी २०२१ साली तेथील बाल विभागाने ताब्यात घेतली. २०२२ मध्ये फौजदारी चौकशी आरोपावाचून बंद झाली. तरीही २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने मुलीचा ताबा आई-बापांना दिला नाही. देश वेगळा, कायदा वेगळा, पण दोन वाटांची गोष्ट तीच. म्हणून पोलीस ठाण्यात काम झाले की घरी परत येऊ नये, समितीचीही तारीख विचारावी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही घरांत मुलाला खरोखरच धोका असतो, आणि तो घरच्याच माणसाकडून असतो. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर ती पोलिसांना कळवणे हे कायद्याने प्रत्येकावर बंधनच आहे, गुरुजींवर तर आहेच, आणि दडवणे हा गुन्हा आहे. अशा प्रकरणात आईने आणि बापाने एकच वकील घेऊ नये. आईचे हित मुलाच्या बाजूला असते, बापाचे वेगळे असू शकते. आईने आपल्यासाठी स्वतंत्र वकील मागावा. तिला तो हक्काने मिळतो.

शिक्षकांनी एक काम करावे. गावात निरोप किंवा नोटीस आली की ती वाचून दाखवणारा माणूस बहुधा तुम्हीच असता. ती पूर्ण वाचा, तारीख मोठ्याने सांगा, आणि हजेरीपट, प्रवेश नोंद, जन्मतारीख यांचे दाखले त्याच दिवशी काढून द्या. मूल नियमित शाळेत येत होते, आई पालकसभेला येत होती, हे खरे असेल तर लेखी द्या. त्या एका कागदाचे वजन समितीपुढे फार असते. सरपंच, अंगणवाडी सेविका आणि शाळा ज्या ग्राम बाल संरक्षण समितीत असतात, तिची बैठक कागदावर न ठेवता खरोखर भरवली, तर असे कितीतरी प्रश्न वर्ध्यापर्यंत जाण्याआधीच सुटतील. आणि मुलाचे नाव, फोटो पारावर किंवा मोबाइलवर फिरवू नका. तोही गुन्हा आहे, आणि त्यापायी मूल घरी परत आल्यावर शाळेत यायला लाजते.

आदेश आपल्याविरुद्ध गेला, तर त्याची प्रत त्याच दिवशी मागावी. त्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते, आणि त्यासाठीही तोच फुकटचा वकील मिळतो. उशिराला सबळ कारण असेल तर अपील ऐकले जाऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये. त्यापुढची दाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मागता येते.

अर्जाला छापील नमुना लागतोच असे नाही. साध्या कागदावर लिहावे: ‘मी अमुक, राहणार रोहणा, तालुका आर्वी. माझा मुलगा अमुक तारखेपासून बाल कल्याण समितीच्या ताब्यात आहे. पुढील तारीख अमुक. मी स्त्री असून मला मोफत वकील मिळावा.’ खाली सही किंवा अंगठा, आणि तुमचा किंवा शेजाऱ्याचा फोन क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर तारीख घालून पोच घ्यावी.