थायलंडमध्ये चपला दाराबाहेर का?

बँकॉकमध्ये कुणाच्या घरी गेलात तर दारात चपलांची रांग दिसेल. कोणी सांगायची वाट बघू नका, तुमचे बूटही तिथेच काढा. मराठी घरात वाढलेल्यांना यात नवल ते काय! पण रूममेटने "असं का?" विचारलं की आपण "स्वच्छता" म्हणून मोकळे होतो.

ते खोटं नाही. जुनी थाई घरं लाकडी खांबांवर उभी असत. जिन्यापाशी पाण्याचा रांजण आणि पाणी घ्यायला करवंटी ठेवलेली असे. पाय धुऊनच वर जायचं, कारण बसणं, जेवणं, झोपणं सगळं त्या फळ्यांवरच.

पण स्वच्छतेने सगळं उलगडत नाही. दुकानातून आत्ता आणलेला कोरा बूटसुद्धा देवळात चालत नाही. स्वच्छ धुतलेला पायही कोणाकडे रोखून बसलात तर अपमान होतो. म्हणजे प्रश्न मळाचा नाही, उंचीचा आहे. थाई समजुतीत डोकं सर्वात वरचं आणि पाय सर्वात खालचे. म्हणून बुद्धमूर्तीसमोर पाय मागे दुमडून बसतात, आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडतात. उंबरठ्याला 'थोरणी प्रतू' म्हणतात. थोरणी म्हणजे आपली धरणी!

भाषेतही हेच दिसतं. पायासाठी 'थाव' हा सभ्य शब्द. 'तीन' म्हणालात तर उद्धटपणा. राजाचे पाय मात्र 'फ्रा बात', आणि यातला 'बात' म्हणजे पाद. राजाला उद्देशून बोलताना माणूस स्वतःला त्याच्या पायधुळीखाली ठेवतो, आणि त्या संबोधनातला 'थुली' म्हणजे आपली धूळ. चरणरज, पायधूळ झाडणं... ओळखीचं वाटतंय ना?

आता एक गंमत बघा. बँकॉकच्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत, आणि लोक ती भक्तिभावाने पाहतात. म्हणजे पाय मुळात हलका नाही. तो कोणाचा, यावर सगळं ठरतं.

इथे जरा थांबा. आपल्याकडे 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण वहाणांबद्दल नसते, माणसांबद्दल असते. तेव्हा रूममेटला स्वच्छतेचं कारण सांगा, आणि उंच-नीचतेचंही सांगा. चपला खुशाल बाहेर काढा. फक्त त्या सवयीबरोबर माणसांची उतरंडही घरात येते का, तेवढं तपासून बघा.