नवा फोन सुरू करताना भलत्याच गोष्टींची काळजी

घरात नवा मोबाइल आला की पहिली चर्चा चार्जिंगची होते. "आधी रात्रभर लावून ठेव, मग हात लाव," असं बजावणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच. त्याच घरात फोनमधलं गुगल खातं मात्र दुकानातल्या मुलानं काउंटरवर उभ्या उभ्या काढून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नसतो. जिथं बिघडण्यासारखं फारसं काही नाही तिथं आपण जिवापाड जपतो. जिथं वर्षानुवर्षांचे फोटो, संभाषणं किंवा अख्खा फोन हातचा जाऊ शकतो, तिथं 'नेक्स्ट, नेक्स्ट, ॲग्री' करत सुटतो.

"पहिल्यांदा आठ तास चार्ज करायलाच हवा"

हा सल्ला एके काळी खरा होता. सुरुवातीच्या मोबाइलमध्ये निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या बॅटऱ्या असत. पहिल्या वेळी बराच वेळ चार्ज केल्याशिवाय त्या पूर्ण ताकदीनं चालत नसत. कॅडमियमवाल्या तर पुरत्या न उतरवता पुन्हा पुन्हा लावल्या की कमी भरायच्या. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. 'सोनी'नं ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीला ना आठ तासांची दीक्षा लागते, ना 'पूर्ण उतरवून मग लावा' हा नियम. उलट वारंवार शून्यावर नेणं तिला मानवत नाही.

खोक्यातून काढलेला फोन अर्धामुर्धा चार्ज असतो, कारण लिथियम-आयन बॅटरी साठवून ठेवायची तर त्याच अवस्थेत ती चांगली टिकते. तेवढ्यावर फोन खुशाल सुरू करावा. बॅटरी भरली की आतली यंत्रणा चार्जिंग आपोआप थांबवते, त्यामुळे रात्रभर लावल्यानं ती 'फुटत' नाही. तिचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे तापणारा किंवा उशीखाली ठेवून चार्ज होणारा फोन लवकर म्हातारा होतो. अनेक नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय असते. फोन पाच वर्षं वापरायचा असेल तर ती चालू करावी. बॅटरीबद्दल एवढं पुरे.

"ईमेल दुकानदार काढून देतो, आपल्याला काय करायचंय?"

खरी मेख इथे आहे. अँड्रॉइड फोन गुगल खात्याशिवायही सुरू होतो, 'स्किप'चा पर्याय असतो. मग प्ले स्टोअर चालत नाही, म्हणून खातं बहुतेकांना लागतंच. घाईत असलेला दुकानदार नाव, भलतीच जन्मतारीख आणि सुचेल तो पासवर्ड टाकून ते दोन मिनिटांत काढतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. वर्षभर काही बिघडत नाही.

मग एक दिवस आई पॅटर्न विसरते. शेजारचा मुलगा बटणं दाबून फोन 'रिसेट' करतो. फोन कोरा होतो आणि पडद्यावर विचारतो, या फोनवर आधी असलेलं गुगल खातं कोणतं? २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे. चोरानं फोन पुसला तरी तो त्याला वापरता येऊ नये, हा तिचा हेतू. पासवर्ड न सांगू शकणारा मालक आणि चोर यांच्यात फोनला फरक करता येत नाही. आयफोनमध्येही असंच कुलूप २०१३ पासून आहे. फोन तुमच्या हातात असला तरी त्याचा सातबारा या खात्याच्या नावावर असतो म्हणा ना. खरेदीचं बिल जपून ठेवलेलं असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्रात मार्ग निघू शकतो, पण हेलपाटे होतातच.

दुसरा घोटाळा अधिक नेहमीचा आहे. दर नव्या फोनला नवं खातं लागतं असा समज असल्यानं एकाच माणसाची चार-चार खाती होतात. जुन्या फोनमधले फोटो एका खात्यात, नातेवाइकांचे नंबर दुसऱ्यात, व्हॉट्सॲपचा बॅकअप तिसऱ्यात. प्रत्यक्षात एकच खातं फोन, टॅब आणि संगणक या सगळ्यांवर चालतं, आणि तसंच चालवावं. त्यात भर म्हणजे दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती गुगल आता बंद करू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हे धोरण लागू आहे. विसरलेल्या खात्यात पडलेले लग्नाचे फोटो त्याच्यासोबत जाऊ शकतात.

तेव्हा दुकानदाराची मदत जरूर घ्या, पण जुनंच खातं वापरा आणि पासवर्ड स्वतःच्या हातानं टाका. खातं सावरण्यासाठी जो मोबाइल नंबर विचारतात तो स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचाच द्या. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही. 'पासवर्ड कधीही लिहू नये' हा उपदेश कचेरीतल्या टेबलांसाठी ठीक; घरातल्या वहीपेक्षा विसरण्याचा धोका मोठा आहे.

"ॲग्री केल्याशिवाय फोन पुढेच सरकत नाही"

अर्धं खरं. मूळ अटी मान्य कराव्याच लागतात. पण त्यांच्या खाली ओळीनं येणाऱ्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक असतात: वापराची माहिती कंपनीला पाठवणं, आवडीनुसार जाहिराती, लॉक असलेल्या पडद्यावर बातम्या आणि चित्रं, 'तुमच्यासाठी सुचवलेली' ॲप्स. या खुणा काढल्या तरी फोन तसाच चालतो. नंतर दिवसभर येणाऱ्या जाहिरातींच्या सूचनांनी वैतागणारी माणसं मला नेहमी भेटतात. त्यातल्या बऱ्याच सूचना पहिल्या दिवशी घाईत दिलेल्या होकारांतून आलेल्या असतात.

"अंगठा दिला म्हणजे तो कंपनीकडे गेला"

आधारच्या केंद्रावर अंगठा देण्याची सवय झाल्यानं हा समज पक्का बसला आहे. फोनमधलं काम वेगळं असतं. बोटाच्या ठशापासून बनवलेली सांकेतिक नोंद फोनच्याच आतल्या सुरक्षित कप्प्यात राहते. बँकेच्या ॲपनं विचारलं तर त्याला फक्त 'जुळला' किंवा 'जुळला नाही' एवढंच कळतं. मात्र ठसा दिला म्हणून पिन विसरून चालत नाही. फोन बंद करून चालू केला की तो पिनच मागतो, आणि ती अडचण नेमकी परगावी येते.

"आजींना कशाला हवं लॉक, त्यांच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असंही म्हणतात. बँकेचे ओटीपी ज्या फोनवर येतात तो उघडा ठेवणं म्हणजे पासबुक आणि सही केलेलं चेकबुक बसमध्ये विसरण्याची तयारी. अपघात झाला तर घरच्यांना कसं कळणार, ही शंका मात्र रास्त आहे. तिच्यासाठी आणीबाणीची माहिती भरण्याची सोय असते. तिथं मुलाचा नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहून ठेवली की लॉक न उघडताही ती पाहता येतात.

"सिम टाकलं की सगळं आपोआप येतं"

सिमबरोबर नंबर येतो, बाकी फारसं काही नाही. सिमकार्डावर साधारण अडीचशे नावं मावतात, तीही नुसतं नाव आणि नंबर एवढ्यापुरती. उरलेली नावं फोनच्या पोटात किंवा गुगल खात्यात असतात. जुना फोन चालू आहे तोवर ती खात्यात हलवून घ्यावीत.

व्हॉट्सॲपचंही तसंच. नंबर पडताळला की ग्रुप परत दिसतात, जुनी संभाषणं येत नाहीत, कारण पोचलेले संदेश कंपनी आपल्याकडे साठवून ठेवत नाही. अँड्रॉइडवर त्यांचा बॅकअप गुगल ड्राइव्हमध्ये जातो आणि तो परत मिळवायला तोच नंबर आणि तेच गुगल खातं लागतं. काउंटरवर नवं खातं काढलेलं असेल तर फोन 'बॅकअप सापडला नाही' म्हणतो आणि माणूस समजतो की सगळं पुसलं गेलं. हा बॅकअप आता गुगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो, म्हणून जागा आधी तपासावी. दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील तर ते शेजारी ठेवून क्यूआर कोडनं थेट संभाषणं हलवता येतात. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: 'मूव्ह टू आयओएस' या ॲपनं हे काम नवा आयफोन पहिल्यांदा मांडतानाच होतं. दोन दिवस वापरल्यावर आठवण झाली तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"फोन बदलला, आता यूपीआयमधले पैसे?"

यूपीआयशी जोडलेले पैसे तुमच्या बँक खात्यातच असतात. ॲप काढलं, फोन फुटला तरी ते जागेवर राहतात. नव्या फोनवर नोंदणी करताना बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, कारण ॲप तिथूनच एक एसएमएस पाठवून खात्री करतं. नुसत्या वायफायवर हे होत नाही आणि एसएमएसचा पॅक संपलेला असला की गाडी इथेच अडते. पहिले २४ तास, आयफोनवर ७२ तास, सहसा पाच हजार रुपयांची मर्यादा असते. ती चूक नसून खबरदारी आहे. भाडं किंवा फी भरायच्या दिवशी फोन बदलू नये. आणि हे काम दुकानदाराकडून करून घेऊ नये. यूपीआय पिन फक्त आपण टाकायचा.

थोडक्यात उरकण्यासारखे काही

५जी फोनसाठी नवं सिम घ्यावं लागतं हा समज जिओ आणि एअरटेलच्या चालू ४जी सिमबाबत चुकीचा आहे. फोन आणि परिसरातलं नेटवर्क ५जी असलं की झालं. १२८ जीबीच्या फोनमध्ये जागा कमी दिसते म्हणून दुकानदारानं फसवलं असं नाही, बरीच जागा फोनची स्वतःची प्रणाली खाते. '८+८ जीबी रॅम' या जाहिरातीतले दुसरे आठ म्हणजे साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा, ती खऱ्या रॅमइतकी चपळ नसते.

अपडेटनं फोन मंद होतो म्हणून पहिल्या दिवसापासून तो टाळणं महागात पडतं. खोका कारखान्यातून निघून महिने झालेले असतात आणि दरम्यान सापडलेल्या सुरक्षेच्या भेगा अपडेटच बुजवतो. वेगळा अँटिव्हायरस मात्र बहुतेकांना लागत नाही. प्ले स्टोअरबरोबर गुगलचा पहारा आलेलाच असतो. त्याला बगल देऊन आपण स्वतः जे बसवतो ते घातक. व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल दाबून खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

"आयएमईआय पोलिसांच्या कामाचा, आपल्या नाही"

*#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. हाच नंबर 'केवायएम' या अक्षरांपुढे, मध्ये जागा सोडून, लिहून १४४२२ वर एसएमएस केला की फोनची माहिती येते. जुना फोन विकत घेताना पैसे देण्याआधीच हे करावं. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार नोंदवून दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो देशभर बंद करता येतो. अर्ज करताना आयएमईआय आणि तक्रारीची प्रत लागते, बिलही हाताशी असलेलं बरं. हे सगळं हरवलेल्याच फोनमध्ये असलं तर उपयोग शून्य. म्हणून खोका रद्दीत टाकण्याआधी त्यावरच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा.