अजगराच्या पिलाची भूक

पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा उमरेडच्या बाजूच्या एका गावी जाण्याचा योग आला. शाळेत पोचलो तर पाचवी-सहावीची मुले ओट्यावर गप्प बसलेली. मधे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात हातभर लांबीचे अजगराचे पिलू मरून पडलेले. दहा दिवसांपूर्वी ते त्यांना वावराच्या धुऱ्यावर सापडले होते. मुलांनी त्याची सेवा करण्यात काही कसर ठेवली नव्हती. सकाळी वाटीभर दूध, दुपारी अंड्याचा बलक, आणि रविवारी एकाच्या घरी मटण शिजले त्यातला मऊ तुकडा. पिलू आपण होऊन खाईना, म्हणून दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने काडीने तोंड उघडून भरवायचे. त्यातला एक मुलगा मला पाहून उठला आणि म्हणाला, "गुरुजी, आमी त त्याले रोज खायाले देत होतो. मंग तो मेला काहून?"

त्या मुलाला तेव्हा ओट्यावर बसून जे सांगितले, तेच इथे जरा सविस्तर सांगतो. तुमच्याही शाळेत, तुमच्याही घरी एखादा पोरगा असा डबा घेऊन येईल. आपल्याकडे अजगराची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, त्यांना वेटोळे घालून बसते आणि पाऊस सुरू होता होता पिले बाहेर पडतात. दीड-दोन फुटांची ती पिले नेमकी पेरणीच्या दिवसांत माणसाच्या पायांत येतात.

पण खाण्याच्या आधी एक गोष्ट. पोरांनी आणलेले ते पिलू अजगराचेच होते, हे त्यांचे नशीब. अंगावर तपकिरी ठिपके असलेले जाडसर लहान जनावर घोणसही असू शकते, आणि घोणस ही आपल्या राज्यातल्या अत्यंत विषारी सापांपैकी एक. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि चिडली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. अजगराचे डाग वेडेवाकडे, कातड्याच्या ठिगळांसारखे असतात आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते. पुस्तकातले चित्र बघून हा फरक सांगता येतो, पण अंधारात, गवतात, घाबरलेल्या पोराला तो सांगता येत नाही. शिक्षकांनी वर्गात हे दोन्ही साप शेजारी शेजारी काढून दाखवावेत, आणि त्याच वेळी बजावून सांगावे की ओळख पटली तरी हात लावायचा नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आपली भूक घड्याळाची आहे. सकाळ झाली की चहा, दुपार झाली की भाकर. आपले रक्त ऊन ठेवायला शरीराला सतत जळण लागते आणि ते जळण म्हणजे अन्न. सापाचे तसे नाही. त्याला ऊब बाहेरून मिळते, तापलेल्या दगडातून, जमिनीतून, उन्हातून. त्यामुळे त्याला जगायला लागते फार थोडे. अंड्यातून निघालेले पिलू पहिला आठवडा-दीड आठवडा काहीच खात नाही, पोटात उरलेल्या बलकावर ते राहते. मग पहिली कात टाकते आणि त्यानंतर शिकारीला निघते. पोरांना सापडलेले पिलू बहुधा याच काळातले असावे. म्हणजे ज्या दिवसांत त्याला कशाचीच गरज नव्हती, त्या दिवसांत त्याला तीन वेळा जेवू घातले गेले.

आणि जेवणही कसले, तर दूध! आपण नाग नदीच्या काठचे लोक. पंचमीला नागोबाला दूध दाखवणारे, पचमढीच्या नागद्वारची यात्रा करणारे. सापाचे आणि दुधाचे नाते आपल्या मनात इतके घट्ट आहे की त्याबद्दल शंका घेणे पाप वाटते. पण साप हे दूध पाजून वाढणारे जनावर नाही, त्याच्या आईला दूध नसते, आणि दूध पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. गारुड्याचा नाग दूध पितो तो दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. तहानेला तो पाणी समजून जे मिळेल ते ओढतो. जबरदस्तीने तोंडात ओतलेले दूध श्वासनळीत उतरते, फुप्फुसात जाते, आणि मग जनावर हळूहळू गुदमरते. पंचमीची पूजा मातीच्या किंवा चित्राच्या नागाची करावी, त्यात श्रद्धेला काही कमी पडत नाही.

अंड्याचा बलक आणि शिजलेले मटण यांचीही तीच कथा. अजगर सबंध जनावर गिळतो, हाडांसकट, केसांसकट, आतड्यांसकट. त्या हाडांतून त्याला चुना मिळतो, काळजातून जीवनसत्त्वे मिळतात. नुसत्या मासाच्या तुकड्यावर त्याचे पोषण होत नाही. रानातले पिलू लहान उंदीर, सरडे, बेडूक, पाखरांची पिले खाते, आणि खाल्ले की कितीतरी दिवस स्वस्थ पडून राहते.

त्या स्वस्थ पडण्यात काय चालते ते ऐकण्यासारखे आहे. ब्रह्मदेशातला अजगर, ज्याला पूर्वी आपल्याच अजगराची उपजात मानत, त्याच्यावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाला. उपाशी अजगराची आतडी आकसून बारीक होतात, जणू कामगार रजेवर गेलेला कारखाना. एकदा शिकार पोटात गेली की कारखाना पुन्हा उभा राहतो. आतडे फुगते, यकृत वाढते, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले की ४८ तासांत त्याचे हृदय ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले की सगळे पुन्हा आकसते. एवढा मोठा उद्योग ज्या शरीरात चालला आहे ते जनावर डब्यातून काढून, गळ्यात घालून, शेजाऱ्यांना दाखवत फिरवले तर काय होईल? ते घेतलेला घास बाहेर टाकते. आणि हा सगळा उद्योग चालतो उबेवर. पोट भरलेले पण अंग गार, अशी वेळ आली तर आतला घास पचण्याऐवजी कुजतो. पत्र्याच्या डब्यात, पावसाच्या गारठ्यात, त्या पिलाच्या पोटात हेच झाले असणार.

आता कुणी विचारील, मग नीट ऊब देऊन, उंदीर देऊन पाळले तर? आपला अजगर पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवले आहे. पकडणे, डांबून ठेवणे, विकणे हे सगळे गुन्हे आहेत आणि शिक्षा तुरुंगाची आहे. शाळेचा डबा असो की सावकाराचा वाडा, कायद्याला सारखेच. मला विचाराल तर कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. वावरातल्या उंदरांचा फडशा पाडणारा गडी डब्यात कशाला?

शहरांतल्या काही हौशी घरांत अलीकडे एक परका अजगर दिसतो, त्याला बॉल पायथन म्हणतात. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून हे नाव. पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंद करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाते. कागद नसलेले जनावर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

असे नोंदलेले पिलू तुमच्या नात्यातल्या कुणाकडे असेल तर त्याचे खाणे कसे सांभाळावे, हे सांगतो, कारण चुका तिथेही त्याच होतात. पहिली गोष्ट वजन. वाण्याकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रिक काटा घ्यावा आणि आठवड्याला एकदा वजन वहीत लिहावे. पिलाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजनाचा एक उंदीर, पाच ते सात दिवसांनी एकदा, एवढे पुरे. साठ ग्रॅमचे पिलू असेल तर सहा ते नऊ ग्रॅमचा, नुकती लव फुटलेला उंदराचा पिल्लू. काटा नसेल तर डोळ्याचा हिशेब असा की उंदीर पिलाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतका जाड असावा, त्याहून फारसा मोठा नको. एवढ्या बारीक तोंडात तो जाईल कसा, अशी भीती बाळगू नये. सापाच्या खालच्या जबड्याची दोन्ही अंगे पुढे ताणल्या जाणाऱ्या दोरीने जोडलेली असतात, ती आळीपाळीने सरकवत तो भक्ष्यावर चालत जातो.

उंदीर वावरातला किंवा घरातला पकडलेला नको. आपल्याकडे घरोघर उंदरांचे औषध ठेवतात. ते खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला की विष तिथेही पोचते. आणि जिवंत उंदीर पिलासोबत कोंडणे हे तर फार वाईट. भूक नसलेला साप कोपऱ्यात पडून राहतो आणि उंदीर रात्रभर त्याची पाठ कुरतडतो. अशा जखमा मी पाहिल्या आहेत, हाड दिसेपर्यंत. म्हणून खास वाढवलेला, मारून गोठवलेला उंदीर आणावा, रात्रभर थंड कप्प्यात विरघळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरून अंगाला ऊनसर लागेल इतका तापवावा. शिजवायचा नाही. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी तो भक्ष्याची ऊब ओळखतो. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. तिन्हीसांजेनंतर लांब चिमट्याने डोक्याच्या बाजूने पुढे करावा. झडप घालून त्याने वेटोळे घातले की आपण मागे सरावे. आपल्याला वाटते तो भक्ष्याला गुदमरवतो. पण २०१५ साली बोआ जातीच्या सापांवर झालेल्या प्रयोगात दिसले की ती पकड मुख्यतः रक्ताचा प्रवाहच थांबवते, आणि काम काही क्षणांत होते.

खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावू नये. घास उलटून टाकला तर घाईने दुसरा देऊ नये, दहा-पंधरा दिवस पोटाला विसावा द्यावा आणि ऊब बरोबर आहे का ते पाहावे. पिंजऱ्याचे एक टोक एकतीस-बत्तीस अंश, दुसरे पंचवीस-सव्वीस, म्हणजे त्याला हवे तिकडे सरकता येते. नागपुरात हे सोपे नाही. पौषात रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसवर जातो. थंडीत तापवण्याची सोय आणि उन्हाळ्यात सावलीची सोय, दोन्ही लागतात. कूलरसमोर पिंजरा ठेवणारे मी पाहिले आहेत. माणसाला सुख वाटते म्हणून सापालाही वाटेल असे नाही. लपायला बंदिस्त जागा आणि स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र कायम.

आणि पिलाने तोंड फिरवले तर? हा साप रुसण्याबद्दल प्रसिद्ध आहे. डोळे दुधाळ निळसर दिसले तर कात येते आहे, कात पडेपर्यंत तो खाणार नाही. नव्या घरी आणल्यावर आठवडाभर त्याला विचारूच नये. मोठे साप थंडीत महिना-दोन महिने उपास काढतात. अशा वेळी वही उघडावी. वजन टिकून असेल तर थांबावे. पिलाचे वजन उतरत चालले, शंभर ग्रॅमचे नव्वदवर आले, तर पशुवैद्याकडे न्यावे. काडीने तोंड मात्र उघडू नये.

रानातल्या पिलाचे काम याहून सोपे आहे. काहीच भरवायचे नाही. वावरात दिसले तर वाट सोडावी. घरात, गोठ्यात शिरले तर मुलाबाळांना लांब ठेवावे, एकाने दुरून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जखमी असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे, तिथे ते लोकच पोचवतात.

पुढच्या वर्षी त्याच गावच्या शाळेतून निरोप आला की पुन्हा एक पिलू निघाले आहे, या वेळी वर्गाच्या मागच्या लाकडांत. मी गेलो तोवर वनरक्षक पोचला होता. मुले चांगली पंधरा हात लांब उभी होती. डबा नव्हता, वाटी नव्हती. तोच मुलगा, आता एका इयत्तेने मोठा झालेला, वनरक्षकाला विचारत होता, "दादा, सकाळपासून त्याने काहीच नाही खाल्लं. उपाशी नाही राहणार?"

वनरक्षकाने पिशवीचे तोंड धरले होते. पिलू आत सरकताना त्याने मुलाला लांबूनच बोटाने दाखवले.

"उपाशी कायचा? पोट पाहा त्याचं, मधात फुगलं आहे. काल-परवाच जेवला तो."