काटा बाजूला ठेवला तर

परंडा तालुक्यात मी पीटीचा मास्तर होतो. तेव्हा शालेय कुस्तीची वजनं बरीच वर्षं आडतीवरच्या काट्यावर व्हायची. ज्वारीची पोती उतरली की त्याच काट्यावर लंगोटातली पोरं एकेक करून चढायची आणि मुनीम धान्याचा आकडा पुकारावा तसा त्यांचा आकडा पुकारायचा. एकदा एक पोरगं तीनशे ग्रॅम जास्त भरलं. बापाने त्याला समोरच्या न्हाव्याकडे नेऊन चकोट करून आणलं, तरी आकडा म्हणावा तसा उतरेना. मग दोन स्वेटर घालून मार्केट यार्डाला फेऱ्या, तोंडात चिंच धरून थुंकणं, सगळं झालं. शेवटी पोरगं वजनात बसलं, पण कुस्तीत उभं राहायला अंगात काही उरलंच नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने बाद झाली, तेव्हा जग हळहळलं. मला तो चकोट केलेला पोरगा आठवला.

एवढा छळ कशासाठी? तर बरोबरीच्यांची गाठ पडावी म्हणून. यात्रेच्या फडात मात्र काटा नसतो. तिथे पंचांची नजर हाच काटा. दोन पोरं समोर उभी करायची, खांदा बघायचा, मांडी बघायची, मान बघायची आणि जोड लावायची. सुरुवातीला नारळाच्या, रेवड्यांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, पाचशेच्या, हजाराच्या. दिवस कलला, हलगीने ठेका बदलला की शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती, आणि ती कायम दांडग्या गड्यांची. माझ्या हिशेबाने फडातली सगळ्यात देखणी कुस्ती दुपारीच, पन्नास-साठ किलोच्या पोरांची होऊन गेलेली असते. पण तेव्हा निम्मी माणसं उसाच्या रसाच्या गाड्याभोवती असतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवच्या तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा रंगली, तेव्हा मी पहिल्या दिवसापासून हजर होतो. शेजारी भूमकडचे एक धनगर बाबा बसायचे. शेवटच्या दिवशी शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि गदा खांद्यावर घेतली. गंमत अशी की त्याच महिन्यात, जेमतेम दहा दिवस आधी, पुण्याजवळ फुलगावला दुसऱ्या संघटनेच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेखने याच शिवराजला काही सेकंदांत अस्मान दाखवलं होतं. एका महिन्यात दोन केसरी! मी बाबांना म्हटलं, "आता मोठा कोण म्हणायचं?" बाबा म्हणाले, "त्ये दोघं पुन्हा भिडतील की, मंग कळंल. पर सर, सकाळच्याला ते सत्तावन किलोचं बारकं पोरगं बघितलं का? कसा पट काढला त्यानं! त्येला कोन मोठं म्हननार?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण महाराष्ट्र केसरीचा गटच ८६ ते १२५ किलोंचा आहे. त्याखालच्या गड्याने आपल्या वजनात सुवर्ण घ्यावं, घरी जावं. गदा त्याच्या वाट्याची नाही.

माझा नातू बॉक्सिंगचा वेडा. त्याला हा प्रश्न सांगितला तर तो हसला. म्हणाला, "आजोबा, यावर तिकडे शंभर वर्षं भांडण चालू आहे." आणि मला त्या भांडणात ओढलं. आता मीही त्यात पुरता अडकलो आहे.

मुष्टियुद्धातही आपल्यासारखंच होतं. मोठा पैसा, मोठं नाव हेवीवेटला. हेवीवेटचा पट्टा ज्याच्या कमरेला तो जगातला पहिला गडी, बाकीच्यांनी दुपारी लढायचं. आज व्यावसायिक पुरुषांच्या बॉक्सिंगमध्ये ढोबळमानाने सतरा वजनगट आहेत. सगळ्यात हलका गट ४७.६ किलोंपर्यंतचा, सगळ्यात जड ९०.७ च्या पुढचा. मग जाणकारांनी एक तोड काढली: सगळ्यांची वजनं सारखी आहेत असं समजा आणि मग सांगा, मोठा कोण? त्याला ते 'पाउंड फॉर पाउंड' म्हणतात. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर शेराला शेर लावून बघणं.

वजन उचलण्याच्या खेळात हे गणिताने जमतं. माणूस उंचीला, रुंदीला, जाडीला दुप्पट झाला तर स्नायूंच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. म्हणून आपल्या वजनाच्या मानाने हलका गडी नेहमी जास्त उचलतो. १९८८ साली सोलला तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने साठ किलोच्या गटात १९० किलो डोक्यावर धरले, स्वतःच्या तिपटीहून जास्त. कुठल्याही अगडबंब गड्याला हे प्रमाण साधलेलं नाही. पण ठोसा असा भागाकारात बसत नाही. समोरचा हलतो, ठोसा चुकवतो, घाबरवतो, स्वतः घाबरतो. त्यात जबडा ही चीज अशी, की वजन वाढलं म्हणून तो त्या मानाने टणक होत नाही. ऐंशी किलोच्या गड्याचा ठोसा साठ किलोच्या गड्याच्या हनुवटीवर बसला की भूमितीला कोण विचारतो!

त्यामुळे माझं मत असं झालं, की कल्पनेतल्या सारख्या वजनाला काही अर्थ नाही. पुरावा एकच: हलका गडी खरोखर जडाला भिडला तेव्हा काय झालं? फडात आम्ही हेच बघायचो.

या कसोटीवर पहिलं नाव शुगर रे रॉबिन्सन. जन्म १९२१, जॉर्जिया. सलग चाळीस लढती जिंकून गडी ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटासमोर उभा राहिला. लामोटा त्याच्यापेक्षा सात किलोंनी जड. रॉबिन्सन हरला, रिंगच्या दोरांतून बाहेर फेकला गेला. आणि मग तीनच आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, त्याच गावात त्याच लामोटाशी पुन्हा लढला आणि जिंकला. दोघांच्या एकूण सहा लढती झाल्या, त्यातल्या पाच रॉबिन्सनच्या. लामोटाशी हरल्यानंतर १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने हरवेपर्यंत आठ वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही. वेल्टरवेटचा म्हणजे ६६.७ किलोंचा पट्टा त्याच्याकडे होता, आणि ७२.६ किलोंचा मिडलवेट पट्टा त्याने पाच वेळा जिंकला.

पण मला त्याची हरलेली लढतच जास्त भावते. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. जॉय मॅक्सिम हा लाइट हेवीवेटचा विजेता, पुन्हा सात किलोंनी जड. त्या रात्री रिंगमध्ये दिव्यांखाली चाळीस अंशांची काहिली. दहाव्या फेरीनंतर पंचालाच भोवळ आली, दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठूच शकला नाही. मॅक्सिमने त्याला ठोशाने पाडलं नाही. त्याला अंगावर घेता घेता, रेलणाऱ्या मॅक्सिमचं ओझं पेलता पेलता आणि त्या उकाड्यात रॉबिन्सन आतून संपला. आमच्या फडात चैत्राच्या उन्हात जड गडी बारक्याच्या मानेवर हात टाकून नुसता झुलत राहतो, त्याला 'दमवून मारणं' म्हणतात. हे तेच.

दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग. नातू त्याला पहिला मानतो आणि मी दर रविवारी डळमळतो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने फेदरवेटचा पट्टा घेतला. १९३८ च्या मेमध्ये वेल्टरवेटचा, ऑगस्टमध्ये लाइटवेटचा. एकाच वेळी तीन पट्टे एका कमरेला, आणि तेव्हा वजनगट होते फक्त आठ! वेल्टरवेटच्या बार्नी रॉसपेक्षा तो जवळपास चार किलोंनी हलका होता. इकडे आमची पोरं वजन उतरवायला थुंकतात, तिकडे हा गडी वजन चढवायला पाणी ढोसत होता. १९४० मध्ये मिडलवेटच्या पट्ट्यासाठी सेफेरिनो गार्सियाशी लढला, ती लढत बरोबरीत सुटली. ती मिळाली असती तर आमचा वादच मिटला असता.

फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आठ वजनगटांत विजेता झाला. तरी मी त्याला आर्मस्ट्राँगच्या खाली ठेवतो, कारण त्याच्या काळापर्यंत गट दुप्पट झाले होते आणि एकेका गटाला चार-चार संघटनांचे पट्टे. पायऱ्या बुटक्या केल्या की जिना चढल्याचं कौतुक थोडं कमी होतं. नातवाला हे पटत नाही. तो सांगतो, की सोळाव्या वर्षी पहिल्या लढतीला वजन कमी भरू नये म्हणून पॅकियाओने खिशात वजनं घातली होती. पॅकियाओच हे सांगतो. मी म्हटलं, आमच्या आडतीवरचा मुनीम असता तर लगेच पकडलं असतं.

आणि एक सॅम लँगफर्ड. कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय, उंची पाच फूट सात इंच. हा लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी लढला. १९०६ मध्ये आपल्याहून तेरा किलोंनी जड असलेल्या जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढून गुणांवर हरला. पुढे जॉन्सन हेवीवेटचा जगज्जेता झाला, पण पट्टा कमरेला असेपर्यंत लँगफर्डला त्याने पुन्हा संधी दिली नाही. लँगफर्डला जागतिक पट्टा कधीच मिळाला नाही. १९४४ साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका खोलीत सापडला, आंधळा आणि कफल्लक. माझ्या यादीत तो तिसरा.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि अली? मोहम्मद अली १९८० मध्ये भारतात आला होता, दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनी लढतही खेळला. तीनदा हेवीवेटचा जगज्जेता. सोनी लिस्टन, जॉर्ज फोरमन यांच्यासारखे बैल त्याने नमवले. त्याला खाली ठेवताना माझा हात थरथरतो. आणि याच जागी मला माझ्या कसोटीतली खोट दिसली. हलका गडी वर चढून स्वतःला सिद्ध करू शकतो. पण जो सगळ्यात वरच्याच मजल्यावर उभा आहे त्याने चढायचं कुठे? केसरीची गदा बारक्यावर अन्याय करते, तर शेराला शेरची यादी दांडग्यावर. हे लक्षात आल्यावर मी अलीला चौथा केला. त्यात हिशेब कमी आणि शरम जास्त आहे. मेरी कोमचं नाव नातवाने घेतलं, ते बरं केलं. सहा वेळा जगज्जेती, पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांना तीनच गट होते, सगळ्यात हलका ५१ किलोंचा. ४८ च्या मेरीला वर चढावंच लागलं, तरी तिने कांस्य आणलं. पुरुषांच्या यादीत तिला कुठे बसवायचं यावर आजोबा-नातवाचा तह झालेला नाही.

आपल्या मातीत हा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडून बघितला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये आमच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्याआधी निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड आमचंच होतं. तिथले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. दांडगा गडी, पुढे पुण्यात वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तयार झाला. वजन ५७ किलो. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये ६१ किलोंत जागतिक स्पर्धेचं कांस्य. वस्ताद केसरी, पण त्यांच्या या चेल्याला केसरीच्या हौद्यात उतरायला काटाच आडवा.

हा ५७ चा आकडा बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, गट ५७ किलो. टोकियोत रवी दहियाचं रौप्य, ५७. पॅरिसला अमन सेहरावतचं कांस्य, ५७, आणि त्यासाठी त्याने एका रात्रीत साडेचार किलो उतरवले. आर्मस्ट्राँगचा पहिला पट्टा १२६ पाउंडांचा, म्हणजे ५७ किलोंचाच. खाशाबांसारखा गडी आपल्याकडे केसरी झाला नसता. मी त्यांना पहिला नंबर दिला आहे, आणि धनगर बाबा पुन्हा भेटले तर त्यांना सांगणार आहे.

यंदाच्या चैत्रात गावच्या यात्रेत मी पंच होतो. नारळाच्या कुस्तीला दोन पोरं पुढे आली, एक दुसऱ्याच्या जवळपास दीडपट. मी जोड मोडली. बारकं हटेना. लोक ओरडले, "लावा सर, लावा!" मी लावली. बारक्याने सुरुवातीलाच पट काढला, दांडगा गुडघ्यावर आला, हलगी चढली. पण दांडग्याने तसंच वरून वजन टाकलं आणि मिनिटाभरात बारक्याची पाठ मातीला टेकली. मी दांडग्याला नारळ दिला. बारकं उठलं, कानातली माती काढली आणि माझा सदरा ओढून म्हणालं, "सर, आनि येकदा लावा."