शुगर समजून घेताना (भाग ७) : माठातलं इन्सुलिन

"इन्सुलिन तेवढंच घेतोय, पथ्यही तेच, पण शुगर काही उतरंना." एप्रिल-मे महिन्यात लातूर-नांदेडकडं ही तक्रार निघाली की सहसा डोस वाढतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : बाटली ठेवता कुठं?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोळी करून ते देता येत नाही, कारण पोटात ते पचून जातं, हे आपण मागच्या भागात पाहिलं. ऊनही त्याला सोसत नाही. एका दुपारीत ते नासत नाही; पण रोज थोडाथोडा त्याचा जोर उतरत जातो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची. वापरायला काढलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण पारा २५-३० अंशांच्या आत असेल तर. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर काय होत असेल, ते उदगीर किंवा मुखेडच्या माणसाला सांगायला नको.

त्यात हे बिघडणं दर वेळी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर बाटली सरळ टाकून द्यावी. पण जोर गेलेली बाटली पुष्कळदा दिसायला नव्यासारखीच असते. म्हणून काही कारण नसताना शुगर चढली, तर डॉक्टरांना विचारून आधी नवी बाटली लावून पाहावी. हे न करता डोस वाढवला आणि पुढची बाटली ताजी निघाली, तर तोच वाढीव डोस अंगावर येतो : शुगर ७० च्या खाली, दरदरून घाम, हातापायांना कंप.

घरी फ्रीज नसला की बाटली शेजाऱ्यांकडं जाते. मग सकाळ-संध्याकाळ त्यांचं दार वाजवायचं. सासुरवाशिणीला, म्हाताऱ्या माणसाला त्याचा संकोच होतो आणि डोस चुकतो. या खेपांची खरं तर गरज नाही. हिशोब करा. सरकारी दवाखान्यात मिळणारी १० मिलिलिटरची बाटली ४० युनिटची, म्हणजे दर मिलिलिटरला ४०, एकूण ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १० घेणाऱ्याची ती तेरा दिवसांत संपते. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये राहू द्या ती पुढची, न उघडलेली बाटली. चालू बाटलीला माठ पुरतो.

मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा, आतल्या भांड्यात कोरड्या डबीत बाटली ठेवा आणि वरून ओलं फडकं झाका. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी लवकर उडतं. त्यामुळं दमट कोकणापेक्षा आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा उपाय जास्त लागू पडतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं माठ ओला ठेवा म्हणणं काहींना चेष्टा वाटेल. पण याला तांब्याभर पाणी लागतं, आणि ते भाजी धुतलेलंही चालतं.

हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत घरोघरी फ्रीज कुठून असणार? तिथल्या तापमानाची नोंद घेऊन, २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या उष्णतेत इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासलं गेलं. त्याचा जोर टिकल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ३७ च्या पुढची हमी मात्र त्यात नाही, म्हणून माठ हवाच.

याउलट चूक बर्फाची. किनवटहून नांदेडच्या विष्णुपुरीला, सरकारी मेडिकल कॉलेजात येणारा माणूस परतताना बाटली बर्फात खुपसून नेतो. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये जाड फडक्याच्या घड्या हव्यात. घरीसुद्धा बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. मोटारसायकलच्या डिक्कीत तर इन्सुलिनही नको आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही नकोत. तापलेल्या पट्टीचा आकडा खोटा येऊ शकतो.

शेवटी सिरिंज. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते. मेडिकलवाल्यानं घाईत केशरी टोपीची, म्हणजे १०० युनिटची दिली आणि तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. तेव्हा दुकानातून निघण्याआधी टोपीचा रंग बघा आणि बाटलीवरचा ४० चा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : पायांची जखम आणि अनवाणी शेतकाम)